संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

"गज किती सुताचा टाकू सर? तीन का चार?"

आठ-नऊ वर्षांपूर्वी बुलडाण्यात घर बांधलं तेव्हा खिडक्यांच्या जाळ्या सांगायला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो होतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुताचा गज पेन्सिलीहून थोडा जाड, चार सुताचा अर्धा इंच. माझा चेहरा पाहून त्यानं दोन्हींचे तुकडे माझ्या हातात दिले. "तीनवाला पहारीनं वाकते. चारवाला चोराच्या बापाले वाकत नाही." मग डिझाईन ठरलं, रंग ठरला, खाली रेड ऑक्साईडचा हात, वर ऑइलपेंट. शेवटी भाव. तो किलोवर. तयार जाळी काट्यावर चढवायची आणि काटा दाखवील तितके पैसे मोजायचे. म्हणजे जड ती चांगली, हा हिशोब दुकानातच पक्का झाला.

अर्ध्या तासात त्यानं पंधरा-वीस प्रश्न विचारले. 'ही उघडायची कुठून?' हा काही त्यात आला नाही, आणि मलाही तो सुचला नाही. घरी येऊन मी ऐटीत सांगितलं, चार सुताचा टाकला.

तो प्रश्न सुचायला मे महिन्यातली एक रात्र यावी लागली. आमच्या शेजारी काकू एकट्या राहायच्या. दोन्ही मुलं पुण्याला. आईच्या काळजीपोटी त्यांनी पुढच्या ओट्याला छतापर्यंत जाळी मारून घेतली होती. दाराला चॅनल गेट, गेटला आतून कुलूप. रात्री साडेदहाला लाइट गेलेली आणि शेजारी तांब्या पडल्याचा आवाज आला. टॉर्च घेऊन धावलो तर काकू ओट्यावर आडव्या, गेटपासून पाच-सहा फुटांवर. दिसत होत्या, कण्हत होत्या, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरंही देत होत्या. हात तेवढा पोचत नव्हता. किल्ली त्यांच्या कमरेला, चांदीच्या छल्ल्यात. "काकू, किल्ली इकडे सरकवा," असं सहा जण सहा सुरांत सांगत होते, पण त्यांचा हात काही कमरेपर्यंत जाईना. कपडे वाळत घालायची काठी आणून छल्ला ओढायचा प्रयत्न झाला. वीज नाही म्हणून ग्राइंडर चालेना. शेवटी कुणीतरी हॅक्सॉ आणली आणि कुलपाची कडी हातानं कापली. पाऊण तास लागला. तेवढा वेळ आम्ही गजांमधून काकूंना वारा घालत होतो, भिजवलेला पंचा काठीच्या टोकानं त्यांच्या कपाळाला लावत होतो. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात नेताना त्या म्हणाल्या, "चोर आला असता तर तोही असाच बाहेर उभा राहिला असता, नाही का रे?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. जाळीनं तिला सांगितलेलं काम चोख केलं होतं. चूक सांगणाऱ्यांची होती.

तेव्हापासून मी जिथे जाईन तिथे जाळ्या पाहतो. खिडकीची, ओट्याची, दुकानाच्या शटरमागची, विहिरीवरची, शेताच्या धुऱ्यावरची. पाहून पाहून एका मतावर आलो आहे. जाळीची परीक्षा ती किती अडवते यावर करायची नसते. अडवायचंच असेल तर भिंत आहे, आणि ती स्वस्तही पडते. उजेड यावा आणि हात येऊ नये, वारा यावा आणि वानर येऊ नये, आवाज जावा आणि मूल जाऊ नये, असं निवडून घ्यायचं असतं तेव्हा माणूस जाळी करतो. म्हणून कोणत्याही जाळीला दोन प्रश्न विचारावेत. तिच्यातून काय काय ये-जा करू शकतं? आणि वेळ आली तर ती कोणाच्या हातानं उघडते? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या लोकांनी फार हुशारीनं शोधलं आहे. दुसऱ्याकडे मात्र आपण पाठ फिरवली आहे.

आधी त्या हुशारीबद्दल. बुलडाणा जिल्ह्याचे आम्ही बोलताना दोन भाग करतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलडाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव घाटाखाली. घाटावर संध्याकाळी खिडकी उघडली की काम भागतं. घाटाखाली मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथे खिडकी ही कूलरची जागा. लोखंडी स्टँडवर कूलर बाहेर उभा, त्याचं तोंड खिडकीत, आणि त्याच्या मापानं जाळीचे दोन-तीन गज कापून काढलेले. उन्हाळा संपला की तिथे पत्रा किंवा प्लायवूड येतं. जाळीचं डिझाईन कोणत्याही कॅटलॉगातलं असो, ऋतूप्रमाणे बदलणारी ही चौकट घाटाखालच्या माणसानं स्वतः शोधून काढली आहे. तिच्यातला धोकाही तिथलाच. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला आणि तो पत्रा गजाला टेकलेला असला, की सगळी जाळी जिवंत होते. ओल्या हातानं कूलरमध्ये पाणी भरताना माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. अर्थिंगची एक तार नसली की राखणदारच मारेकरी होतो.

घाटावर कूलरपेक्षा वानरांचा हिशोब मोठा. टोळी आली की टिनपत्रे दणाणतात, वाळवणाची ताटं उलटतात, उघड्या खिडकीतून एखादं धीट वानर थेट फडताळापर्यंत जातं. जुन्या वाड्यांत चौकावर आडव्या गजांची जाळी टाकायचे. तिच्यातून पाऊस खाली पडे, ऊन पडे, तुळशीला दोन्ही मिळे. वानर आणि चोर मात्र वरच राहत. घरातल्या उघड्या आभाळाला लावलेली जाळी! असला विचार सुचायला आधी घरात आभाळ हवं असं वाटावं लागतं.

रोजच्या वापरात तर जाळीला संरक्षणाची आठवणही राहत नाही. दुधाच्या पिशवीची पिशवी तिला अडकते. ओली छत्री, मुलाची पाण्याची बाटली, मिरच्या-लिंबाची माळ, दिवाळीचा आकाशकंदील, कापडी पिशव्यांचा गठ्ठा, मनीप्लांटची वेल. सांडगे-पापड वाळत असताना त्यावरची साडी बांधायलाही तीच. शेजारणीकडून आलेली साखरेची वाटी गजांमधून तिरकी करून घ्यावी लागते, आणि ती न सांडता घेणं हे घराघरातलं कसब आहे. २०२० च्या टाळेबंदीत अख्खा व्यवहार या फटींतून चालला: भाजी, औषधं, गप्पा, वाढदिवसाचा केक. लहान मुलाला तर जाळी म्हणजे पहिली शिडी. तिच्यावर चढून, गज धरून, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारत त्याचं जगाशी बोलणं सुरू होतं.

शेगावच्या फलाटावर हे सगळ्यात चांगलं दिसतं. मुंबई-नागपूर गाडी थांबते, आणि सर्वसाधारण डब्याच्या खिडकीतल्या आडव्या गजांमधून कचोरीचा कागद आत जातो, नोट बाहेर येते, सुट्टे पैसे परत आत जातात, तळलेली मिरची विसरली म्हणून एक हाक बाहेर येते. गाडी हलली तरी व्यवहार दहा पावलं चालतो. गज आहेत म्हणून प्रवासी निर्धास्त खिडकी उघडी ठेवतो, आणि खिडकी उघडी असते म्हणून कचोरी खातो. वातानुकूलित डब्याची काच त्या गजांहून सुरक्षित खरी, पण तिच्याआड बसलेला माणूस शेगावला आला काय आणि गेला काय, सारखंच.

आणि डिझाईन! सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या घरांना अजून उगवत्या सूर्याची जाळी दिसते, खाली अर्धवर्तुळ आणि वर फाकलेली किरणं. कुठे कमळ, कुठे मोर, कुठे मालकाच्या नावाचं आद्याक्षर. कुठे ॐ, कुठे चाँद-तारा, कुठे धम्मचक्र. माणूस भीतीपोटी लोखंड विकत घेतो आणि वेल्डरला सांगतो, त्यात फूल टाक. भीती शोभिवंत करून रस्त्याकडे तोंड करून लावण्याची ही तऱ्हा मला आवडते. निदान तिच्यात येणाऱ्याजाणाऱ्याला काहीतरी सांगायची इच्छा आहे. आता लेसरनं कापलेले पत्रे आले आहेत. ते सफाईदार आहेत, पण बऱ्याच घरांवर एकच वेल आणि एकच मोर.

इतकं सगळं आत-बाहेर करू देणाऱ्या या वस्तूतून एकच गोष्ट जाऊ शकत नाही. आतला माणूस.

पूर्वी असं नव्हतं, आणि याची साक्ष आपल्या भाषेतच आहे. 'अडसर' हा शब्द घ्या. आज तो अडथळा या अर्थानं वापरतात. रस्त्याच्या कामात अडसर, लग्नात अडसर. मूळ अडसर म्हणजे दाराच्या आतल्या बाजूनं आडवा सरकवायचा लाकडी वासा. दोन्हीकडच्या भिंतींत त्याच्यासाठी खोबण. रात्री तो ओढला की बाहेरून धडका मारून हात मोडतील, दार हलायचं नाही. आतून मात्र तो सासूबाई सरकवू शकत, नातूही सरकवू शके, अंधारात, झोपेत, चाचपून. त्याला किल्ली नव्हती, त्यामुळे किल्ली हरवत नव्हती. सिंदखेडराजाला लखुजीराजे जाधवांच्या वाड्याचं प्रवेशद्वार आजही उभं आहे. तसल्या मोठ्या दरवाजांचा काळ डोळ्यांसमोर आणा. महाद्वार बंद असलं तरी त्याच्या पोटात दिंडी असे, एका माणसानं वाकून जावं एवढी. घोडेस्वार अडे, माणूस जाई. बाहेरच्याला कठीण आणि आतल्याला सोपं, हा त्या सगळ्या रचनेचा कणा होता.

कुलूप-किल्लीच्या चॅनल गेटनं हा कणा मोडला. आतून लावलेलं कुलूप आतल्यालाही तितकंच परकं असतं. किल्ली उशाखाली, नाहीतर देव्हाऱ्यात, नाहीतर काकूंच्या कमरेला. चोराला आणि मालकाला जाळी एकाच नियमानं वागवते. वर्तमानपत्रं चोर पकडला की 'गजाआड' असा मथळा देतात. बातमी वाचणाराही गजाआडच बसून वाचत असतो. फरक इतकाच की चोराच्या कोठडीबाहेर चोवीस तास किल्ली घेऊन एक माणूस हजर असतो.

शेतात हीच गोष्ट आणखी उघडी पडते. ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपास, किंवा घाटाखाली सातपुड्याला लागून असलेल्या जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, रोही आणि रानडुकरं यांच्या भीतीनं शेतकरी हंगामभर जागलीला जातो. एका रात्रीत डुकरांचा कळप मका लोळवतो. त्याच्या झोपेचा आणि पिकाचा हिशोब न करता 'वन्यजीवांवर प्रेम करा' असं त्याला सांगणं हा शहरी आगाऊपणा आहे. कुंपण त्याला हवंच. पण कोणतं?

दोन प्रकारचे शेजारी पाहा. एकाकडे सौरऊर्जेवर चालणारी झटका मशीन आहे. तारेत साधारण सेकंदाला एकदा, क्षणभरच, जोराचा झटका येतो. जनावर दचकतं, तार सुटते, ते माघारी वळतं. दुसरा रात्री खांबावरून आकडा टाकून घरच्या विजेचा प्रवाह थेट तारेत सोडतो. हा प्रवाह स्नायू आखडवतो. ज्यानं तार धरली त्याचा हात सुटत नाही. त्यात डुक्कर मरतं, तसा बिबट्या मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारचा शेतकरीही मरतो. हा गुन्हा तर आहेच. दोन्ही तारा लांबून अगदी सारख्या दिसतात. एक झटका देऊन सोडते, दुसरी धरून ठेवते. मघाशी म्हटलेला दुसरा प्रश्न किती जिवावरचा आहे ते इथे कळतं. 'कुंपणच शेत खातं' या म्हणीत कुंपण निदान शेतच खात होतं.

पहिला प्रश्नही शेतात लागू पडतो. एकट्यानं कुंपण घातलं की कळप नाहीसा होत नाही, तो शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून आत शिरतो. ज्याच्याकडे तारेला पैसे नाहीत त्याच्या वाट्याला दोघांचं नुकसान येतं. म्हणून गावानं मिळून शिवाराला कुंपण घालणं शहाणपणाचं, आणि तेही नाल्याच्या, ओढ्याच्या वाटा मोकळ्या ठेवून. २०१९ च्या जूनमध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून टी१सी१ नावाचा एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याची वाट समजली. तेलंगणात शिरून, परत येऊन, रस्ते, कापसाची शेतं, ओढे ओलांडत वर्षअखेरीला तो आमच्या ज्ञानगंगेत पोचला. तेराशे किलोमीटरहून जास्त चालून. सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या या जंगलासाठी ते मोठंच आगमन होतं. वाटेतलं प्रत्येक शिवार जर चार सुताच्या विचारानं बंद केलेलं असतं, तर तो आला नसता. समृद्धी महामार्गाला दोन्ही बाजूंनी बंदिस्त करताना प्राण्यांसाठी खालून आणि वरून मार्ग ठेवावे लागले, ते याच कारणानं. बंद करणाऱ्याला वाट ठेवण्याचंही भान असावं लागतं, हे रस्ता बांधणाऱ्यांना कळलं.

त्याच रस्त्यावर, त्याच जिल्ह्यात, उलट बाजूचा धडा फार महाग पडला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात विदर्भातून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस धडकून उलटली आणि पेटली. ३३ जण होते, २५ गेले. बस दाराच्याच अंगावर आडवी झाल्यामुळे दार जमिनीखाली दबलं. जे आठ वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले. अपघाताची कारणं अनेक असतील, त्यांची चर्चा तज्ज्ञांनी करावी. माझ्या मनात एकच गोष्ट रुतली आहे. त्या बसमध्ये चढताना कोणीही, मीही असतो तरी, 'दार दबलं तर दुसरीकडून कसं निघायचं' हे पाहिलं नसतं. आपण सीट पाहतो, चार्जिंगचं सॉकेट पाहतो.

घरांतलं चित्र वेगळं नाही. ८ डिसेंबर २०१९ ला दिल्लीच्या अनाज मंडीत एका इमारतीला आग लागली. आत झोपलेले ४३ मजूर मेले, बहुतेक धुरानं गुदमरून. खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या. आग पोचायच्या कितीतरी आधी धूर पोचतो, आणि धुरात माणसाजवळ मोजकी मिनिटं असतात. ती किल्ली शोधण्यात जातात. अमेरिकेत झोपण्याच्या खोलीच्या खिडकीला गज बसवायचे तर ते आतून, किल्लीशिवाय, हत्याराशिवाय उघडता आले पाहिजेत असा बांधकामाचा नियम आहे. तिथेही तो नियम लोकांच्या मृत्यूंनंतरच आला असणार. पण इतक्या लांब जायचं कारण नाही. आपल्या रेल्वेच्या डब्यात लाल खूण केलेल्या आपत्कालीन खिडक्या असतात, त्यांचे गज सरकतात. आणि आपल्या लाल एसटीत, पिढ्यान् पिढ्या, एका खिडकीवर किंवा मागच्या दारावर लिहिलेलं असतं: 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'.

महाराष्ट्रात ज्याला अक्षरओळख झाली त्यानं हे वाक्य वाचलेलं आहे. चिखली-खामगाव, मेहकर-बुलडाणा करताना मी ते हजार वेळा वाचलं असेन. तीन तासांच्या प्रवासासाठी आपण सरकारकडून एवढी हमी घेतो. ज्या घरात उभं आयुष्य काढायचं त्यात असा मार्ग ठेवावा, ही गोष्ट आपल्या मनात येत नाही. कारण घराला संकट बाहेरूनच येतं, असं आपण धरून चाललो आहोत. धूर, शॉर्टसर्किट, गॅस, चक्कर, हृदयविकाराचा झटका, ही सगळी आतली माणसं. त्यांना कोणतीही जाळी अडवत नाही.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. काही जाळ्यांची किल्ली हरवलेली नसते, ती मुद्दाम आतल्याला दिलेली नसते. मुलींच्या वसतिगृहांचं उदाहरण घ्या. संध्याकाळी ठरल्या वेळी चॅनल गेट ओढलं जातं, कुलूप लागतं, किल्ली भलतीकडे. कारण विचारलं तर उत्तर तयार: मुलींची सुरक्षितता. रस्त्यावर शिट्टी मारणारा मोकळा, आणि जिच्यावर शिट्टी मारली ती कुलपात. हा उरफाटा न्याय आहे असं फार आधी आणि खणखणीतपणे ज्यांनी मांडलं त्या ताराबाई शिंदे याच बुलडाण्याच्या. १८८२ साली त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध झालं. दोष दोघांत सारखे असताना सारा ठपका बाईवर ठेवून बंधनंही तिलाच घालणाऱ्या समाजाला त्यांनी त्यात जाब विचारला. त्या पुस्तकाला १४० वर्षं उलटून गेली. मुली शेगावला इंजिनिअरिंग शिकतात, जिल्हा परिषदेत निवडून येतात, आणि रात्री आग लागली तर गेट कोण उघडेल याचं उत्तर त्यांच्याजवळ नसतं. रक्षण कोणाचं चाललं आहे हे ओळखायची खूण सोपी आहे: ज्याचं रक्षण, त्याच्या हातात किल्ली. तसं नसेल तर त्याला दुसरं नाव शोधावं.

यावर माझे मित्र रागावतात. म्हणतात, चोऱ्या होत नाहीत का? गावात एकटी म्हातारी माणसं राहिली आहेत, लग्नकार्याला घर बंद करून गेलं की कुलूप तुटलेलं सापडतं, आणि तू जाळीला नावं ठेवतोस. त्यांचं म्हणणं मी खोटं पाडू शकत नाही. काकूंच्या मुलांनी जाळी मारली ती प्रेमानंच. पुण्यात रात्री फोन वाजला की ज्यांचा जीव गोळा होतो, त्यांच्या भीतीला हसणारा मी कोण? पूर्वी ओट्याला जाळी नव्हती कारण ओसरीवर माणसं झोपलेली असत. गल्लीत रात्री बारापर्यंत कोणी ना कोणी जागं असे. माणसं गेली, त्यांच्या जागी लोखंड आलं. ते काढून टाका म्हणणं म्हणजे माणसं परत आणा म्हणण्यासारखं आहे, आणि ते माझ्या हातात नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा अधिक टोकदार आहे. आतून सोपी उघडणारी जाळी बाहेरूनही सोपी उघडते. चोर गजांतून हात घालून कडी काढील. हे खरं आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न कारागिराच्या बुद्धीचा आहे. जाड गज टाकायला अक्कल लागत नाही, पैसे लागतात. एका बाजूला अवघड आणि दुसऱ्या बाजूला सोपी अशी वस्तू करायला अक्कल लागते. अडसर करणाऱ्या सुताराकडे ती होती. आपण वेल्डरकडे ती मागितलीच नाही; आपण त्याच्याकडे वजन मागितलं, त्यानं वजन दिलं.

या उन्हाळ्यात वरचा मजला काढला, तेव्हा मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. त्याच्या दाढीत पांढरं आलं होतं, बाकी दुकान तेच. म्हटलं, प्रत्येक खोलीत एका जाळीला कब्जे लाव, दारासारखी बाहेर उघडली पाहिजे. कुलूप नको. आतून कडी.

"मंग चोर हात घालून कडी काढीन ना सर."

"ते तू सांग काय करायचं."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग खडूनं फरशीवर काढून दाखवलं. कडी फटीपासून कोपराच्या वर लांब घ्यायची. तिच्यावर तीन बाजूंनी बंद पत्र्याचा डबा वेल्ड करायचा, तोंड फक्त आतल्या अंगाला. बाहेरून हात घातला तर पत्र्याला लागतो, आतून बोट घातलं की कडी सरकते. "पोरगंही काढीन," तो म्हणाला, आणि स्वतःवरच खूश झाला. कब्जे आणि डबे धरून खर्च थोडाच वाढला. वजन तर जवळपास तेवढंच.

जाळ्या बसल्या त्या रात्री लाइट बंद करून मी मुलीला म्हटलं, उघडून दाखव. कडी सरकली, जाळी हलेना. ताज्या ऑइलपेंटनं चौकट आणि जाळी एकमेकांना चिकटली होती. खांदा लावून ढकलली तेव्हा चर्रकन् सुटली. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला आमच्याकडे जाळ्या उघडतात, कब्ज्यांत तेलाचे दोन थेंब पडतात. एका जाळीवर मुलीनं वहीचा कागद चिकटवला आहे, एसटीतल्या त्या ओळीचा.

परवा त्या दुकानावरून जात होतो. एक गिऱ्हाईक दोन्ही गजांचे तुकडे हातात घेऊन उभं होतं. आतून आवाज आला, "सर, खिडकीची जाळी फिक्स पायजे का उघडणारी?"

मी थांबलो. गिऱ्हाइकानं चार सुताचा तुकडा हातात तोलला आणि विचारलं, "किलोमागं किती फरक पडते?"